बसलेली ट्यूब्युलर बॅटरी परत उभी करताना: आतापर्यंतची नोंद

ही 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे साठवणक्षमता) इन्व्हर्टर बॅटरी एका बंद घरात अर्धवट उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून होती. मालकांनी नवी आणली आणि जुनी भंगारात जायच्या आत मी मागून घेतली. डबा फुगलेला नव्हता, तडा नव्हता, प्लेटा पाण्याखाली जेमतेम होत्या. वापरून झिजलेल्या बॅटरीपेक्षा अशी उपाशी राहून बसलेली बॅटरी हाती घ्यावी, कारण तिचा आजार बहुतेक वेळा सल्फेशनच (प्लेटांवर लेड सल्फेट साचून बसणं) असतो.

टर्मिनलवरची हिरवट-पांढरी खार खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतली. त्या वेळी सगळी बुचं घट्ट लावलेली हवीत, सोड्याचा थेंबही सेलमध्ये जाता कामा नये. मग प्लेटा बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. खुणेपर्यंत चार्जिंगनंतर भरायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते.

पहिलं रीडिंग: व्होल्टेज 11.8. हायड्रोमीटरवर (ॲसिडच्या द्रावणाची घनता, म्हणजे ग्रॅव्हिटी, मोजणारं उपकरण) सहापैकी पाच सेल 1.130 ते 1.150, चौथा 1.110. पूर्ण चार्ज ट्यूब्युलरला साधारण 1.240 अपेक्षित.

ग्रॅव्हिटी इतकी खाली दिसली की बरेच जण ॲसिड ओततात. कृपया ओतू नका. बॅटरीतून उडून जातं ते पाणी. ॲसिडमधलं सल्फेट लेड सल्फेट होऊन प्लेटांवर बसलेलं असतं आणि चार्जिंगने तेच परत द्रावणात येतं. वरून ॲसिड किंवा एप्सम सॉल्ट घातलं, तर हायड्रोमीटर खूश होतो, प्लेटा तशाच राहतात.

बेंच सप्लायवर (व्होल्टेज आणि करंट हवा तसा ठरवता येणारा वीजपुरवठा) 14.4 व्होल्ट आणि 7 अँपिअरची मर्यादा लावली. सुरुवातीला बॅटरी एक अँपिअरही घेईना. सल्फेटचे जाड स्फटिक वीज नीट वाहू देत नाहीत, म्हणून व्होल्टेज लगेच चढतं आणि ‘चार्ज झाली’ असं वाटतं. तशीच जोडून ठेवली. हळूहळू करंट वाढत गेला, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत आनंद झाला तो हा आकडा चढताना पाहून.

करंट पुन्हा उतरल्यावर 55 वॅटचे हेडलाइटचे दोन बल्ब लावून 10.5 व्होल्टपर्यंत उतरवली. साधारण 9 अँपिअरच्या लोडवर तीन तासही टिकली नाही, म्हणजे 25 एएचच्या आसपास.

पुन्हा भरून मग इक्वलायझिंग (सगळे सेल सारख्या पातळीला आणायला मुद्दाम केलेलं जास्तीचं चार्जिंग): इन्व्हर्टरपासून पूर्ण वेगळी, 3 अँपिअर स्थिर, व्होल्टेज 15.6 पर्यंत जाऊ दिलं. सेल खदखदतात, त्यामुळे तळाशी बसलेलं जड ॲसिडही वर ढवळून येतं. पण बाहेर पडणारा हायड्रोजन हवेत 4 टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. म्हणून हे काम उघड्या गच्चीवर, सावलीत, चष्मा आणि हातमोजे घालून. क्लिप काढायच्या आधी सप्लाय बंद करायचा. डबा 45 अंशांवर गेला की थांबायचं. ग्रॅव्हिटीचं रीडिंगही तापमानानुसार सुधारून घ्या: 27 अंशांच्या वर दर 10 अंशांना 0.007 मिळवायचे. तासातासाने घेतलेली लागोपाठची तीन रीडिंग्ज सारखी आली तेव्हा चार्जिंग थांबवलं.

आता पाच सेल 1.225 ते 1.235, चौथा 1.205. विश्रांतीनंतर व्होल्टेज 12.4. त्याच बल्बांवर जवळपास नऊ तास, म्हणजे 80 एएच. कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, तरी एक पंखा आणि दोन एलईडी दिवे सहा-सात तास चालतील. व्होल्टेज दाखवून ‘जिवंत झाली’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या लेखी लोडवर मोजलेले एएच हाच खरा निकाल.

ट्यूब्युलरमध्ये पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला नळ्यांत कोंडलेला असतो, तो सहज गळत नाही. त्यामुळे इतकी सुधारणा मिळाली असं मला वाटतं. सपाट प्लेटांच्या बॅटरीकडून ही आशा मी धरणार नाही. चौथ्या सेलवर नजर आहे: पुढच्या इक्वलायझिंगनंतरही तो मागेच राहिला, किंवा नुसती ठेवली असताना त्या एकाचीच ग्रॅव्हिटी घसरली, तर आत शॉर्ट आहे असं समजून बॅटरी डीलरकडे रिसायकलिंगला देईन.