तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा भेटायचे कधी?

अण्णा गेल्यावर भेटायला आलेल्यांनी विचारलं, आता ऑफिसातल्या मुलीही विचारतात: वडील तीन पाळ्यांत काम करायचे, वर ओव्हरटाइम, मग तुमच्या वाट्याला यायचे तरी कधी?

रोज यायचे. वेळ तेवढी आठवड्यागणिक बदलायची.

अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते, म्हणजे लेथ नावाच्या यंत्रावर लोखंड फिरवून मापात कापणारे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. सातारा, कोकण, जुन्नर, कुठून कुठून माणसं कामासाठी ठाण्यात आली, त्यांत पाटण तालुक्यातले अण्णाही. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नरचा कोर्स केला आणि लेथवर उभे राहिले. राहायला किसननगरमधली एक खोली.

पहिली पाळी सात ते तीन. त्या आठवड्यात संध्याकाळ आमची, कधी बसनं तलावपाळीलाही जायचो. दुसरी पाळी तीन ते अकरा, तेव्हा सकाळ आमची. माझ्या वेण्या तेच घालायचे. इतक्या घट्ट, की शाळा सुटेपर्यंत केस हलायचा नाही. तिसरी पाळी सगळ्यांत अवघड. दिवसा ते झोपलेले, एका खोलीत आम्ही सगळे, आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. पण चार वाजता उठले, चहा झाला, की माझी वही उघडायची.

दशांश अपूर्णांक मी त्यांच्या जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवर शिकले. वहीचं पान त्यात धरून वाचायला लावायचे: ०.०८ मिलिमीटर. मग माझा एक केस. ‘पॉइंटनंतरचं शून्य खाल्लंस तर जॉब भंगारात,’ म्हणायचे. जॉब म्हणजे लेथवर घडवायचा तुकडा. शाळेत हे कुणी असं शिकवलं नसतं, असं मला आजही वाटतं.

त्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, आमची रविवारी. त्यामुळे सगळे एकत्र घरी असा दिवस सणावारालाच. पण शुक्रवारी रेशनची रांग, जांभळी नाक्यावरची भाजी आणि शाळेतली पालकसभा त्यांची. सभेला बहुतेक आया असत, त्यांच्यात अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. घरी स्वयंपाक मात्र कधी केला नाही, तो भार आईवरच राहिला. हेही सांगायला हवं.

रक्षाबंधनाला आत्या राखी बांधायची, ती ते कामावर जाताना सोडून डब्यात ठेवायचे. आत्याला वाईट वाटायचं. लेथच्या फिरत्या चकाजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्याजवळ, मनगटावर धागा नको, अंगठी नको, हातमोजेसुद्धा नकोत, हे त्यांनी तिला दर वर्षी तितक्याच शांतपणे समजावलं.

ही शांती त्यांना कामानं दिली असावी. लोखंड कापताना तापतं आणि तापलं की फुगतं. ५० मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट ३० अंशांनी गरम असेल, तर जवळजवळ ०.०२ मिलिमीटर जास्त भरतो. गरम असताना मापात बसला म्हणून उतरवला, तर थंड झाल्यावर कमी भरतो, आणि कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही. घरात भांडण पेटलं की ते एवढंच म्हणायचे, ‘जॉब गरम आहे, आत्ता माप नको.’ दादा दहावीला नापास झाला त्या संध्याकाळी ते त्याला अवाक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बाहेर पडले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरूनच परतले.

खरं तर हा प्रश्न विचारायचा तो नंतरच्या वर्षांबद्दल. नव्वदच्या दशकात ठाण्यातले कारखाने एकामागून एक बंद पडत गेले, त्यात त्यांचाही गेला. मिळालेल्या पैशांतून त्यांनी जुना लेथ घेतला, भाड्याच्या गाळ्यात बसवला आणि जॉबवर्क सुरू केलं. पंपाचे शाफ्ट, बुश, पुली. कारखान्याचा भोंगा झाला की पाळी संपायची. स्वतःच्या गाळ्याला भोंगा नसतो. त्या काळात ते खरोखर कमी भेटले. म्हणून कॉलेज सुटलं की मी गाळ्यावर जायचे, बिलं लिहायचे, त्यांच्यासोबत चहा घ्यायचे. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाच्या किसाचा वास मला अजून आवडतो.

त्यांच्याकडे एक हेल्पर होता. आता त्याचा स्वतःचा गाळा आहे, रबाळ्याला. तेराव्याला आला तेव्हा आईला म्हणाला, ‘काकी, माझी पोरगी लहान होती ना, तर अण्णा मला सातला घरी पाठवायचे. उरलेला जॉब स्वतः काढायचे. पगार कधी कापला नाही.’ आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑर्डर जास्त असेल, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

तर त्या वर्षांतल्या आमच्या संध्याकाळी कुठे गेल्या असं कुणी विचारलं, तर काही त्या मुलीला गेल्या. मला त्याचं बरंच वाटतं.