एका चाकासाठी तेवीस दिवस – माझा अनुभव

आमच्या वॉर्डातल्या पेशंट ट्रॉलीचं एक चाक, फक्त एक, बदलून घ्यायला मला तेवीस दिवस लागले. सरकारी दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे मी, गाव कुठलं ते सोडा. अजून डोकं शांत होत नाहीये म्हणून लिहितेय.

झालं असं की एका आजींना ट्रॉलीवरून बेडवर घेताना ट्रॉलीच सरकली. ब्रेक लावला होता, वॉर्डबॉय मामांनी पायाने दाबलेला मी स्वतः बघितला, पण पेडल खाली जाऊनही चाक आपलं फिरतंय. आजी अर्ध्या बेडवर, अर्ध्या ट्रॉलीवर आणि मध्ये वीतभर फट. चौघं होतो म्हणून निभावलं. तेव्हापासून ब्रेक लावला की आधी रिकामी ट्रॉली कमरेने ढकलून बघते, नुसतं पेडल बघून विश्वास ठेवू नका.

बायोमेडिकलवाल्यांना, म्हणजे दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांना, फोन केला. माणूस आला पटकन, पण म्हणाला सिस्टर हे इक्विपमेंट नाही, फर्निचर आहे, मॉनिटर-सक्शन असतं तर केलं असतं. मग स्टोअर. आणि इथून खरी कहाणी.

स्टोअरच्या साहेबांनी फॉर्म दिला, त्यात पहिलाच रकाना डेड स्टॉक नंबर, म्हणजे स्टोअरच्या रजिस्टरमधला वस्तूचा नोंदणी नंबर. ट्रॉलीवर नंबर कुठे? रंगवलेल्याला तीनदा रंगवलंय. म्हटलं नंबर नंतर देते, चाक तर द्या. नाही. नंबर नाही म्हणजे वस्तूच नाही. अहो, वस्तू वॉर्डात उभी आहे, येऊन बघा! तर म्हणे बघायचं आमचं काम नाही. दोन आठवडे हेच. साहेब रजेवर, मग ऑडिट, मग साहेब जागेवर पण रजिस्टरच्या कपाटाची चावी दुसऱ्याकडे. मधल्या काळात मी त्या ट्रॉलीला 'वापरू नये' अशी चिकटपट्टी लावली तर संध्याकाळच्या ड्युटीने ती काढून पेशंट एक्स-रेला नेला, कारण दुसरी ट्रॉलीच नाही. बोलणार काय त्यांना? (चिकटपट्टीपेक्षा गादी काढून ठेवा, मग कोणी नेत नाही. हे मला उशिरा सुचलं.)

शेवटी एका दुपारी मी आणि मावशी दोघी ट्रॉलीखाली आडव्या झालो. मोबाईलचा टॉर्च, कापसावर स्पिरिट, जुनी ब्लेड. डोक्याकडच्या आडव्या पाइपाच्या आतल्या बाजूला रंगाखाली आधी एक तिरकी रेघ दिसली, मग 2014, मग पुढचे आकडे. मावशी तर ओरडलीच, सापडला गं बाई! नंबर घेऊन पळत स्टोअरला, तर रजिस्टरमध्ये ती ट्रॉली कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) नावावर. कोविडच्या गडबडीत इकडे आली ती राहिली. म्हणजे सही कॅज्युअल्टी इन्चार्जची हवी. त्यासाठी अजून चार दिवस.

चाक आल्यावर मिस्त्रीला लागली वीस मिनिटं. वीस! बाकीची तीन चाकं पण त्याच्याकडून उघडून घेतली, तर आत केस, गॉजचे धागे, प्लास्टरचा चिकटा, सगळ्याची दोरी वळलेली. ट्रॉली एका बाजूला ओढते ना, ती बहुतेक यामुळे. आता दर शनिवारी जुन्या आर्टरी फोर्सेपने (ऑपरेशनच्या चिमट्याने) ते ओढून काढतो. तेल ओतू नका, त्यावर धूळ बसते आणि अजून घट्ट होतं. हायपोक्लोराईटने (जंतुनाशकाने) पुसलं तर दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसून कोरडं करायचं, आमच्या ब्रेकची स्प्रिंग गंजलेली ती त्यानेच, असं मिस्त्री म्हणाला.

हो, चाक मागताना नुसतं 'ट्रॉलीचं चाक' लिहू नका. चाकाचा व्यास, खाली बोल्ट आहे की चार भोकांची पट्टी, आणि ब्रेकवालं की साधं, हे लिहा. मला पहिल्यांदा बिनब्रेकचं आलं होतं, ते परत पाठवण्यात दोन दिवस गेले, ते या तेवीसमध्येच धरलेत. आणि नंबर ऑइलपेंटने ठसठशीत, दिसेल असा लिहून घ्या. आम्ही घेतला.

परवा कॅज्युअल्टीच्या सिस्टरांचा फोन. म्हणे ट्रॉली छान चालतेय असं ऐकलं, आमच्याच नावावर आहे ना, मग पाठवून द्या.