समासातल्या नोंदी

"पहिल्या वर्षी दहापैकी सात म्हणाला होतात, मागच्या वर्षी चार. म्हणजे दुखणं उतरलं ना, मावशी?"

मावशींनी पदराने तोंड पुसलं. "उतरलं न्हाई बाई. दुखणं हाय तेवढंच हाय. तव्हा उसाची मोळी उचलवत नव्हती म्हणून सात. मागल्या साली उचलली म्हणून चार."

"मग दहा कशाला म्हणाल?"

"दहा म्हंजे कोयताच बंद. मंग मुकादमाकडनं आगाव घेतलेली उचल कशी फिटायची?"

मे महिना होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. बीड जिल्ह्यातल्या त्या गावात ऊसतोडीचा हंगाम आटपून माणसं नुकतीच परतली होती. आमच्या विद्यापीठातल्या भौतिकोपचार विभागातर्फे जुनाट कंबरदुखीच्या अभ्यासाचा तिसरा फेरा चालू होता. त्या दिवशी मुलाखती मी स्वतः घेत होते, कारण ज्या विद्यार्थिनीचं ते काम होतं तिचा प्रबंध जमा झाला होता आणि ती नोकरीला लागली होती.

माझ्या मांडीवरच्या कागदावर त्या दोन आकड्यांच्या मध्ये खाली जाणारा बाण होता. तो मीच काढला होता, आदल्या रात्री, आनंदाने.

दुखणं तीन महिन्यांच्या वर टिकलं किंवा पुन्हापुन्हा येत राहिलं की त्याला जुनाट म्हणतात. आजारांच्या आयसीडी-११ या जागतिक वर्गीकरणात त्याला स्वतःची वेगळी जागा मिळाली आहे. पुष्कळदा मूळ इजा भरून आलेली असते, तरी मज्जारज्जूतल्या चेतापेशी इतक्या हळव्या होऊन बसतात की साधा धक्काही ठणक्यासारखा वर पोचतो. क्ष-किरणात काही दिसत नाही. म्हणून दुखणाऱ्या माणसाचं सांगणं हाच मुख्य पुरावा. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने वेदनेची १९७९ची आपली व्याख्या २०२० साली सुधारली. त्यासोबतच्या टिपांत, माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं म्हटलं आहे. ही टीप मी दर वर्षी वर्गात शिकवते. मावशींनी दोन वर्षं सांगितलं होतं आणि आम्ही दोन्ही वेळा आकडा तेवढा उचलला होता.

आमच्या क्षेत्रकार्यकर्तीला सगळे ताई म्हणतात. ती त्याच पंचक्रोशीतली, ऊसतोड कामगारांची मुलगी, बी.ए. झालेली. ती शेजारी मान खाली घालून बसली होती. मी विचारलं, "तुला हे माहीत होतं?" तिने पिशवीतून लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली.

मुख्य पानावर आमच्या फॉर्मची उत्तरं होती. डाव्या समासात, बारीक अक्षरात, बाकी सगळं. पहिल्या फेऱ्यात मुलाखत घेणारीने 'आत्ता किती दुखतंय' विचारलं होतं, दुसऱ्या फेऱ्यातलीने 'गेल्या आठवड्यात किती'. पहिला फेरा दिवाळीआधी, माणसं फडावर निघण्याच्या बेतात असताना. दुसरा उन्हाळ्यात. त्याखाली मावशींचे शब्द: मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना चमक. उतरल्यावर रग. रात्री ठणका. पहाटे कंबर आंबलेली. डाव्या पायात मुंग्या, पण त्या 'दुखण्यात धरू नका' म्हणाल्या.

१९७५ साली कॅनडात रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेच्या शब्दांची प्रश्नावली केली, त्यात ७८ इंग्रजी शब्द आहेत. पाय कापावे लागलेल्या एका वृद्ध बाईच्या तोंडचे शब्द टिपण्यापासून त्यांचा तो नाद सुरू झाला होता. माझ्या हातात त्याच जातीचं काम होतं आणि तीन वर्षं ते एका कापडी पिशवीत फिरत होतं.

"आधी का सांगितलं नाहीस गं?"

"फॉर्मात जागा नव्हती, मॅडम. पहिल्या मॅडमना सांगितलं होतं. त्या पास होऊन गेल्या. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, मागच्यांचं मला माहीत नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच ते मला जास्त लागलं.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला आमच्याकडे दोन वर्षं मिळतात. विषय ठरवणं आणि नैतिकता समितीची मंजुरी यातच पहिले सहा-आठ महिने जातात. मग घाईने माहिती गोळा करायची, प्रबंध बांधून द्यायचा आणि निघायचं. माहिती त्याच्या लॅपटॉपवर, प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात. पुढच्याला विषय 'नवा' हवा, म्हणून तो शून्यापासून सुरू करतो. मावशींची कंबर वीस वर्षं दुखते आहे आणि तिचा अभ्यास करणारं कोणी दोन वर्षांच्या वर टिकत नाही. विभागाची संशोधन क्षमता वाढवायची म्हणून मी अनुदानातून अल्गोमीटर घेतला होता, दाब देऊन दुखण्याचा उंबरठा मोजणारं यंत्र. तो वापरायला शिकलेली मुलगी गेली, तेव्हापासून तो खोक्यात होता. आणि ज्या एका व्यक्तीकडे तिन्ही फेऱ्यांची सलग स्मृती होती, तिची नेमणूक अकरा महिन्यांची, मध्ये खंड देऊन.

याच भागात दुखणं नीट न ऐकल्याची किंमत बायकांनी फार मोठी मोजली आहे. ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. तिथे बसून मी विचारलेला प्रश्न ढिला असणं मला परवडणारं नव्हतं.

परतताना गाडीत मला सारखं भिगवण आठवत होतं. पुणे जिल्ह्यातल्या त्या गावात १९९६ साली सांधेदुखीचं घरोघर सर्वेक्षण सुरू झालं, गावातल्याच माणसांना शिकवून. आणि सर्वेक्षण संपल्यावर डॉक्टर निघून गेले नाहीत, पुढे वर्षानुवर्षं जात राहिले. मी तो शोधनिबंध दहादा शिकवला असेन.

पुढच्या महिन्यात आम्ही फॉर्म मोडून नवा केला. दुखणं किती, काम किती होतं आणि डोक्यावर उचल किती, हे तीन प्रश्न वेगळे केले. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा ते छापून ठेवलं. जुन्या विद्यार्थ्याने नव्याला सहा महिने सोबत घेऊन फिरायचं, आणि सगळी माहिती विभागाच्या सर्व्हरवर चढल्याशिवाय ना-हरकत दाखल्यावर माझी सही नाही. यावरून सहकाऱ्यांशी वाजलं. वाजू दे.

ताईच्या जागेसाठी मात्र फार झगडावं लागलं. मंजूर पदांच्या आकृतिबंधात असं पदच नाही, हे उत्तर मला तीन टेबलांवर मिळालं. लाखांचं यंत्र घेण्याची फाइल दोन महिन्यांत निघते आणि माणसाची निघत नाही, याचा मला अजूनही राग येतो. शेवटी विभागाच्या स्वतःच्या निधीतून तीन वर्षांचा सलग करार झाला. कायम नाही, पण खंडही नाही. मावशींच्या गावावरच्या लेखात लेखकांमध्ये तिचं नाव दुसरं आहे.

यंदा नवी तुकडी आली तेव्हा ताई त्यांना थेट मावशींकडे घेऊन गेली. मावशींचे कंबरेचे व्यायाम चालू आहेत. मोळी मात्र सुटलेली नाही. एका मुलाने फॉर्म काढून वाचायला सुरुवात केली, "शून्य ते दहामध्ये..."

मावशींनी हात वर केला. "थांब लेकरा. आधी इचार, कोयता चालू हाय का?"