कादंबरीची नोंद: ब्रेव्हेचं घड्याळ आणि अकराची मिस्सा

मागच्या नोंदीत सांगितलं होतं तसं माझ्या प्रणयकादंबरीतल्या शर्ली आणि प्रकाशला मॅरेथॉनमधून उठवून सायकलवर, म्हणजे ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) बसवलंय. पहिला मसुदा वाचलेल्या मैत्रिणीने विचारलं, ‘अगं, वसईत डिसेंबरात मॅरेथॉन होते, अर्धं गाव रस्त्यावर असतं, सगळं आयतं हातात असताना ब्रेव्हे कशाला?’ कारण साधं आहे. मॅरेथॉन चार-पाच तासांत आटपते. तेवढ्यात माणसं प्रेमात पडत नाहीत, फार तर एकमेकांचा बिब नंबर वाचतात. शिवाय धावताना बोलायला दम उरत नाही, आणि प्रणयकादंबरीत पात्रांना बोलावं तर लागतंच. 400 किलोमीटरच्या ब्रेव्हेला 27 तास मिळतात. मध्ये अख्खी रात्र येते.

वसईकडच्या नंदाखालची मुलगी (शर्ली) रात्रभर हायवेवर, तेही नगरच्या एका मुलाबरोबर (प्रकाश)! एवढ्यावर आमच्याकडे महिनाभर चर्चा चालेल. प्रत्यक्षात काय असतं? दोघांच्या अंगात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, कोपरांवर घामाचं वाळलेलं मीठ, हातात अर्धं केळं आणि कानाशी ट्रेलरचा हॉर्न. ख्रिस्ती कादंबरीत जो संयम लेखकाला ओढूनताणून आणावा लागतो, तो इथे फुकटात मिळतो.

सायकलवाले नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ब्रेव्हेचे नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियनचे. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. एकाच मोसमात चारही पूर्ण केले की ‘सुपर रँदोनिअर’. वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलला (थांबून हजेरी नोंदवायचं ठिकाण) उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. बंद होण्याची वेळ साधारण ताशी 15 किलोमीटरच्या हिशेबाने. मागे गाडी ठेवायची नाही, घरच्यांची मदत घ्यायची तर फक्त कंट्रोलवर. रायडरने रायडरला मदत केली तर चालते. आणि नंबर काढत नाहीत. वेळेत आलेले सगळे सारखेच.

या शेवटच्या नियमाने माझी कादंबरी फिरवली. ख्रिस्ती लेखनात खेळ आला की बायबलमधला प्रेषित पौल येतोच. त्याने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचं उदाहरण दिलं, सगळे धावतात पण बक्षीस एकालाच. करिंथजवळ इस्थमियन खेळ व्हायचे, वाचणाऱ्यांच्या ते डोळ्यासमोरचं होतं. पण मला दोघांची गोष्ट सांगायची आहे, एकाला बक्षीस देऊन मी दुसऱ्याचं काय करू? ब्रेव्हेला मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला जास्त जवळचा. पहाटे आलेल्यालाही एक दिनार, संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. प्रकाशला हे पटत नाही, तो आधी शर्यती मारणारा गडी. सुरुवातीच्या प्रकरणांत त्यांचं भांडण यावरच आहे.

आता खरी प्रगती. मधलं मोठं प्रकरण लिहून झालं, आणि ते जवळजवळ ब्रेव्हेच्या घड्याळानेच लिहिलं.

प्रश्न रविवारचा होता. शर्ली कॅथलिक, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवायची नाही. कॅथलिकांना शनिवार संध्याकाळची मिस्सा चालते, त्यामुळे पहाटे सुटणाऱ्या ब्रेव्हेत पेच उरत नाही, आदल्या संध्याकाळी जाऊन यायचं. म्हणून मी सुरुवात शनिवारी दुपारी चारला ठेवली. पळवाट बंद! वसई फाटा ते नवसारी आणि परत. शेवट रविवारी संध्याकाळी सातला, आणि तिच्या पॅरिशमध्ये (गावच्या चर्चमध्ये) रविवारी संध्याकाळची मिस्साच नाही (हे कादंबरीपुरतं).

परतीला तलासरी साधारण 300 किलोमीटरवर येतं. त्या पट्ट्यातल्या वारली पाड्यांत येशूसंघीय फादरांचं काम जुनं आहे, म्हणून हायवेपासून जरा आत एक छोटं चर्च मी उभं केलं. फादर आधी दुसऱ्या पाड्यावर मिस्सा करून येतात, म्हणून इथली वेळ अकराची. दोघं तिथे पावणेअकराला पोचतात. पुढचा कंट्रोल चारोटीला, 330 किलोमीटरवर. तो दोनला बंद होणार. मिस्सा संपायला सव्वाबारा. म्हणजे 30 किलोमीटरला पावणेदोन तास, मार्चच्या उन्हात, रात्रभर न झोपलेल्या पायांनी, आणि पंक्चर झालं तर संपलंच. खलनायक नको, गैरसमजाची चिठ्ठी नको, इस्पितळ नको.

या प्रसंगातली एक गोष्ट मला फार आवडली. ख्रिस्तशरीर (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) स्वीकारण्याआधी निदान तासभर काही खायचं नाही, पाणी चालतं. रायडर मात्र अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाकतच असतो. उंबरगाव फाट्यानंतर प्रकाश चिक्की पुढे करतो, शर्ली नको म्हणते. इलेक्ट्रॉलची बाटली देतो, तीही नको, साधं पाणी दे म्हणते. त्याला वाटतं पोट बिघडलंय. ती काही सांगत नाही. मिस्सेला थांबायचं तिने मनात कधी ठरवलं, हे वाचकाला त्या नाकारलेल्या चिक्कीवरून कळतं.

प्रकाश प्रोटेस्टंट. आजोबा पाळक (प्रोटेस्टंट धर्मगुरू) होते. त्यांनी त्याला लहानपणी धावपटू एरिक लिडेलची गोष्ट इतकी सांगितलेली, की त्याला तारखांसकट पाठ: 1924, पॅरिस, 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी म्हणून नकार, मग 400 मीटरला सुवर्ण. त्या हिशेबाने प्रकाशने रविवारी सायकलवर बसायलाच नको होतं. मिस्सेची सक्ती तिच्यावर, पण टोचणी जास्त त्याला, हे लिहिताना सापडलं. तो पुढे जाऊ शकतो. तिथे थांबून त्याला काही मिळणारही नाही, कॅथलिक वेदीवर तो ख्रिस्तशरीर घेऊ शकत नाही.

तो थांबतो. क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट दाराशी काढून दोघं चटईवर मागे बसतात. प्रवचनात प्रकाश बसल्या बसल्या झोपतो (रात्र काढलेल्या कुठल्याही रायडरला विचारा). मग शांतिभेटीची वेळ येते, सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात. शर्ली वळते. त्याच्या हातात अजून ग्लव्हज, उजव्या अंगठ्यापाशी शिवण उसवलेली, त्यातून चेनचं काळं ग्रीस लागलेला अंगठा बाहेर. तो तसेच हात जोडतो. अख्ख्या प्रकरणात दोघांमध्ये एवढंच घडतं. माझ्या मते पुरेसं आहे. मैत्रिणीच्या मते निदान हात तरी धरायला हवा होता.

एक जागा अजून जमत नाहीये. पहाटे तीनच्या सुमाराला शर्लीचा पुढचा दिवा जातो. दुसऱ्याच्या उजेडात चालवणं नियमात बसत नाही, प्रत्येकाचा दिवा चालू हवा. प्रकाशकडे जादा दिवा आहे, तो देतो, आणि आता त्याचा दिवा गेला तर त्याच्याकडे काही नाही. हे लिहिताना बायबलमधला दहा कुमारींचा दाखला आठवणारच: दिवे घेऊन वराची वाट बघताना पाच जणींचं तेल संपतं, त्या उरलेल्या पाच शहाण्यांकडे मागतात. पण त्यातल्या शहाण्या कुमारी तेल देत नाहीत! बरोबरच करतात, दोन्हीकडे पुरलं नसतं. आता पाळकाच्या नातवाने शहाण्यांच्या उलट वागावं की नाही? सध्या शर्ली दाखला काढून त्याला चिडवते आणि तो म्हणतो, ‘त्या लग्नाला चालल्या होत्या, आपण चारोटीला.’ संवाद बरा आहे, पण फार लवकर सुटका करतो असं वाटतं.

आणखी एक किस्सा घालायचा मोह आवरला. इटलीत कोमो सरोवराजवळ मादोन्ना देल गिझाल्लोचं (मरियामातेचं) चॅपल आहे, पोप पायस बारावे यांनी 1949 मध्ये तिला सायकलस्वारांची आश्रयदात्री जाहीर केलं. भिंतींवर बार्ताली आणि कॉप्पी या इटालियन सायकलपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. शर्लीच्या हँडलबार बॅगेत तिचं पदक ठेवलं होतं, पण प्रकाशला त्यावरून चर्चा सुरू करावी लागली असती आणि ट्यूब बदलायची राहिली असती. काढलं.

पुढचा टप्पा सायकलवरून उतरल्यानंतरचा. कॅथलिक-प्रोटेस्टंट लग्नाला बिशपांची परवानगी लागते, अर्ज पॅरिशच्या फादरांकडून जातो. त्या भागाला घड्याळ नाही, त्यामुळे गाडी अडलीय. ब्रेव्हे कार्ड तपासून पॅरिसहून मंजूर होऊन यायला वेळ लागतो, तोवर निकाल पक्का नसतो. दोन्ही कागद एकाच काळात अडकवून ठेवले तर जमेल का, ते पुढच्या आठवड्यात लिहून बघते. तुमच्यापैकी कुणी मिश्र विवाहाचे फॉर्म भरले असतील तर दोन्ही घरांतून कोणते कागद मागितले, ते जरूर कळवा.