खाडीचं पाणी निळं नसतं

छोट्या देखाव्यात (डायोरामात) पाणी फसतं, ते बहुतेक वेळा रेझिनची, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाची, बाटली उघडायच्या आधीच फसलेलं असतं. तळाला निळा रंग फासलेला असतो, काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ असतो. मग कितीही महागाचं रेझिन ओता, ते टेबलावरच्या काचेसारखंच दिसतं. माहीमच्या खाडीवर किंवा शिवडीच्या खाजणाकाठी थोडा वेळ उभं राहून पाहा. पाणी मातकट असतं, कुठे शेवाळी, कुठे दूध जास्त पडलेल्या चहासारखं. लांबून जो निळसरपणा दिसतो तो आभाळाचा. देखाव्यात तो चकाकणारा पृष्ठभाग आपोआप आणतो, म्हणून तळाच्या रंगात निळा घालायचाच नाही.

पुढचं सगळं एका ठरावीक तुकड्यासाठी लिहिलं आहे: कोळीवाड्याचा काठ, ओहोटीची वेळ, दगडी धक्का, खाली खडपं (काठावरचे खडक) आणि चिखल, दोन तिवरं, एक होडी. प्रमाण १:७२, पाट (देखाव्याची तळफळी) ३० × २० सेंमी. म्हणजे प्रत्यक्षातली २१.६ × १४.४ मीटर जागा. माणूस साधारण २४ मिमीचा होतो आणि ९ मीटरची होडी १२.५ सेंमीची. याहून मोठा पाट पहिल्याच वेळी घेऊ नये. रेझिनचा खर्च आणि गळतीची भीती दोन्ही वाढतात.

आधी भरतीचा हिशेब. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक साडेचार मीटरच्या आसपास जातो. १:७२ मध्ये तो ६२ मिमी झाला. म्हणजे ओहोटीचा देखावा करायचा तर धक्क्याच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीपासून ६ सेंमी वरपर्यंत भरतीची खूण दिसलीच पाहिजे. ती खूण एका रंगाची नसते. सगळ्यात वर कोरडा, धुळीने फिका पडलेला दगड. त्याखाली कालवं आणि बार्नेकल (दगडाला घट्ट धरून बसणारे कवचवाले छोटे जीव) चिकटलेला खरबरीत, पांढुरका पट्टा. त्याच्या खाली हिरवं-काळं शेवाळ, आणि तळाशी ओला चिखल. हे चार पट्टे एकमेकांत थोडे घुसलेले हवेत. अख्खी भिंत काळी रंगवली की देखाव्यातून समुद्रच निघून जातो. मला विचाराल तर पाण्यापेक्षा या भिंतीवर जास्त वेळ द्यावा.

पाटासाठी १२ मिमी मरीन प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) स्वस्त पडतो, पण मुंबईच्या दमट हवेत कडेने फुगतो आणि मग काठावरचं रेझिन सुटतं. प्लायवर २५ मिमी जाडीचा एक्सपीएस फोम, म्हणजे गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात तो घट्ट बोर्ड. पॅकिंगच्या थर्माकोलचे दाणे कापताना सुटतात आणि दगडाची धार कधीच नीट येत नाही. चिकटवायला फेविकॉल चालतो, पण फोमच्या दोन पृष्ठभागांमध्ये हवा जात नसल्याने तो हळू वाळतो. वर वजन ठेवून किमान एक पूर्ण दिवस द्या. रबरचं सोल्युशन आणि स्प्रे पेंट दोन्ही फोम खातात. स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेविकॉल-पाण्याचे दोन हात द्यावेत, कुठेही उघडा फोम राहू न देता.

खडपांसाठी झाडाची साल वापरायची सवय सगळीकडे दिसते. ती आपल्याकडे चुकीची दिसते, कारण सालीत पातळ थर असतात आणि आपला बेसॉल्ट कोन काढत ओबडधोबड फुटतो. लाकडी कोळशातही लाकडाच्या रेषा उघड्या पडतात. सोपा मार्ग: स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल चुरगाळून अर्धवट उलगडा, तिची खोलगट वाटी करा आणि त्यात पीओपी ओता. मापाने दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी. पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीत नाही, नाहीतर गुठळ्या राहतात. वीस-पंचवीस मिनिटांनी फॉईल सोलली की कडा मिळतात. ते तुकडे हाताने मोडून मोडलेली बाजू वर लावा, फॉईलच्या सुरकुत्या खाली. रंग काळा द्यायचा नाही. गडद राखाडीत थोडा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), वर पाण्यासारख्या पातळ काळ्याचा वॉश, तो वाळल्यावर फिक्या राखाडीचा ड्राय ब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात, फक्त वरच्या कडांवर. भरतीच्या रेषेखालच्या दगडांना हा शेवटचा हात देऊ नका. ओला दगड गडदच दिसतो.

चिखलाकडे वळण्याआधी वाळूबद्दल एक गोष्ट. जुहूची वाळू आणून देखाव्यात पसरायचा मोह सगळ्यांना होतो. पण पाव मिलिमीटरचा कण १:७२ मध्ये १८ मिमीचा होतो, म्हणजे बांधकामाची खडी. शिवाय तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरतं आणि वर पांढरं फुटतं. इथे वाळूच्या जागी पीठच हवं. राखाडी टाइल ग्राउट (फरशीच्या फटी भरायची पूड) उत्तम. तपकिरी छटा हवी तर कोरडा रंग मिसळा. कुंडीतली लाल माती नको, खाडीचा चिखल लाल नसतो. खरी माती वापरायचीच असेल तर चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलीतून चाळून, जुन्या तव्यावर पंधरा-वीस मिनिटं भाजून घ्या. न भाजलेली माती, ओला फेविकॉल आणि जुलैची हवा एकत्र आली की आठवड्याभरात बुरशी दिसते. वाळवलेल्या चहाच्या चोथ्यालाही हेच लागू.

फेविकॉल आणि पाणी समसमान, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, आणि ग्राउट घालून इडलीच्या पिठाइतकं सैल करा. २ मिमीच्या थरात पसरा. ते अर्धवट ओलं असताना टूथपिकने ओहोटीचे चर ओढायचे. चिखलातल्या या चरांना दिशा असते: जमिनीकडे बारीक सुरू होतात, पाण्याकडे रुंद होत जातात, आणि एकमेकांना मिळताना टोक पाण्याकडे करतात. उलटे ओढले तर बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. चर नागमोडी ठेवा आणि त्यांच्या तळाला शेवटी ग्लॉस व्हार्निश लावा.

तिवराची ओळख त्याच्या श्वसनमुळांनी पटते. चिखलातून वर आलेली ही पेन्सिलीसारखी मुळं प्रत्यक्षात १० ते २० सेंमी असतात, म्हणजे इथे दीड ते तीन मिमी. रंगाच्या जुन्या ब्रशचे केस कापून चिखल ओला असतानाच चिमट्याने रोवायचे. ती कुठेही विखुरलेली नसतात. जमिनीखालच्या आडव्या मुळांवरून उगवतात, म्हणून खोडापासून सायकलच्या आऱ्यांसारख्या रांगा निघतात. एका झाडाला साठ-सत्तर पुरेत. झाड ४ मीटरचं धरा, म्हणजे ५५ मिमी. जुन्या केबलमधल्या तांब्याच्या वीस-पंचवीस तारा पिळून खोड, सोडवत नेऊन फांद्या, वर फेविकॉल आणि टाल्कम पावडरीचा लेप. पानांना रंगवलेल्या स्पंजचा चुरा. तिवराचं पान खालून फिकट असतं, त्यामुळे झाड पोपटी न दिसता राखाडी हिरवं दिसतं. भरती पोचते तिथपर्यंत खोड आणि खालची पानं चिखलाने माखवा.

आता पाण्याचा तळ. काठाला चिखलाचाच रंग, मग ऑलिव्ह, आणि सगळ्यात खोल जागी जवळजवळ काळा-तपकिरी. रेझिन जेमतेम ६ मिमीचं असणार आहे, तेही तीन-तीन मिमीच्या दोन थरांत. खोली रंगानेच दाखवायची. रंग वाळला की ग्लॉस व्हार्निशचे दोन हात. पीओपी, ग्राउट, फोमच्या फटी यांत हवा असते आणि सील न केल्यास ती रेझिन घट्ट होत असताना बुडबुडे होऊन वर येते. ओल राहिली तर रेझिन दुधाळ होतं. वाळलं की नाही हे असं तपासा: संध्याकाळी तळावर प्लास्टिकचा तुकडा कडेने टेपने चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा.

ओतलेलं रेझिन पाटाबाहेर वाहू नये म्हणून कडेला बांध हवा. त्यासाठी ॲक्रिलिकच्या पट्ट्या, आतल्या बाजूला सुरकुती न पडू देता लावलेली तपकिरी पॅकिंग टेप. तिला रेझिन चिकटत नाही. सांधे बाहेरून हॉट ग्लूने बंद करा. मग टेबलाची पातळी. ३० सेंमीच्या लांबीत एक अंशाचा उतार म्हणजे ५ मिमीचा फरक. तीन मिमीचा थर एका टोकाला फारच पातळ होईल. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावून पाटाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवा.

रेझिन विकत घेताना नाव नीट वाचा. फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण त्यातलं स्टायरीन फोम विरघळवतं. ते घट्ट करायला त्यासोबत येणारी दोन रसायनं, कोबाल्ट आणि एमईकेपी, थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. घरच्या कामात ते आणूच नये. इपॉक्सी घ्या. ते दोन भागांत येतं: रेझिन आणि त्याला घट्ट करणारं हार्डनर. पाण्याची जागा २० × १२ सेंमी आणि थर ३ मिमी असेल तर ७२ मिली, कपाला चिकटणारं धरून ८० मिली. प्रमाण बाटलीवर आकारमानात दिलंय की वजनात, हे पाहणं फार महत्त्वाचं. हार्डनर हलकं असतं, त्यामुळे आकारमानाचं २:१ हे वजनात १००:४२ च्या जवळ जातं. वजनकाट्यावर २:१ मोजलं तर हार्डनर जास्त होतं आणि थर चिकट राहतो. वरून आणखी हार्डनर ओतून तो कधीच सुधारत नाही. खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नव्याने ओतावं लागतं. चार मिनिटं हळू ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, मग दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी एक मिनिट. रंग टूथपिकच्या टोकावर येईल तेवढाच: बर्न्ट अंबर, थोडा ऑलिव्ह, आणि गढूळपणासाठी पांढऱ्याचा निसटता स्पर्श. हा रंग पहिल्या थरात. दुसरा जवळजवळ नितळ. नायट्राइल हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच, हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

उघडी खिडकी म्हटलं खरं, पण मुंबईत खरी अडचण तिथेच आहे. दमट हवेत हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर मेणचट पांढुरका थर धरतं. त्यावर दुसरा थर ओतला तर तो सोलून निघतो. म्हणून जून ते सप्टेंबर एसीच्या ड्राय मोडमध्येच काम करा. ओतायच्या दोन तास आधी एसी सुरू, खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, आणि ढवळताना-ओततानाच काय ती खिडकी किलकिली. नंतर पुठ्ठ्याच्या खोक्याने झाका. तरीही थर धरलाच तर कोमट पाणी आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि मगच पुढचा थर. घासल्याने आलेला धूसरपणा पुढच्या थरात नाहीसा होतो. मेच्या उकाड्यात उलट घाई होते: कपात ठेवलेलं रेझिन गरम होऊन पटकन घट्ट होतं, म्हणून मिसळलं की लगेच ओता. एकदम १० मिमी ओतलं तर त्या उष्णतेने खालचा फोमही वाकतो.

बुडबुड्यांवर स्ट्रॉने फुंकर मारू नका, श्वासाबरोबर ओलावाच जातो. टाचणीने फोडा. दगडांच्या आणि श्वसनमुळांच्या भोवती रेझिन वर चढतं, दोन-तीन मिमीपर्यंत. ते घट्ट झाल्यावर तिथे मॅट व्हार्निश आणि चिखलाच्या रंगाचा हात द्यावा, म्हणजे ओली कड वाटते.

पृष्ठभाग आरशासारखा सपाट सोडायचा नाही. ग्लॉस जेल मीडियम (वाळल्यावर पारदर्शक होणारा घट्ट, चकचकीत ॲक्रिलिक लेप) बोथट ब्रशने टिपत लावा, खाडीत लाटा फक्त अर्धा मिमी उंच. जेल ओलं असताना पांढरं असतं. २ मिमीहून जाड लावलं तर पावसाळ्यात आठवडाभर दुधाळ राहतं. खडपांजवळच्या फेसासाठी कापसाची एक तार इतकी ताणा की बोटावरची रेषा तिच्यातून दिसेल, आणि ती जेलमध्ये दाबा. बेकिंग सोड्याचा फेस काही महिन्यांत पिवळा पडतो. ओहोटीच्या शांत पाण्याला फेस अगदी कमी लागतो. दोन दगडांच्या फटीत एवढासा पुरे.

होडी चिखलात टेकलेली दाखवायची तर ती एका कुशीवर कललेली हवी, आणि ओतण्याआधीच बसवायला हवी. तरंगती हवी असेल तर तळ पाण्याच्या रेषेवर कापा आणि दुसऱ्या थरात बसवा. नांगराचा दोर म्हणून शिवणकामाचा दोरा आधी मेणबत्तीवर ओढून घ्या, नाहीतर दोरा रेझिन शोषून वरपर्यंत काचेसारखा ताठ आणि काळपट होतो. दोर पाण्यात शिरतो त्या जागी जेलचा एक टाचणीएवढा ठिपका ठेवा, भोवती एकच अर्धवट वलय.