आमची वाटचाल : पेनड्राइव्हमधली फाईल ते घरच्या प्लेअरला लागणारी डीव्हीडी

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमचं छोटं दुकान आहे, मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवतो. लग्न, मुंज, शाळेचं गॅदरिंग, अरंगेत्रम, कीर्तन, असं लोकांचं जे काही शूटिंग असेल ते डीव्हीडीवर करून द्यायचं, आणि ती डीव्हीडी गिऱ्हाईकाच्या घरच्या जुन्यातल्या जुन्या प्लेअरला लागलीच पाहिजे, हे आम्ही पहिल्यापासून धरून ठेवलंय.

सुरुवातीला सगळं मिनीडीव्ही, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेटवर यायचं. फायरवायर केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं की एका तासाला १३ जीबी, हार्डडिस्क बघता बघता भरायची. ऑथरिंगची, म्हणजे व्हिडिओपासून प्लेअरला लागणारी डीव्हीडी तयार करायची, विकतची सॉफ्टवेअर तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती आणि बाजारात सर्रास क्रॅक कॉपी चालायच्या. दोघांनी बसून ठरवलं की चोरीचं सॉफ्टवेअर दुकानात नको, भले शिकायला वेळ लागू दे. मग ऑथरिंगला डीव्हीडीस्टायलर घेतलं, डिस्क राईट करायला इमगबर्न, आणि फाईल अडली की तिचा फॉरमॅट बदलायला एफएफएमपेग. तिन्ही फुकट. आज दुकान उभं आहे ते या तीन गोष्टींवर, आणि ती बनवणाऱ्या माणसांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

पेनड्राइव्हमधली एमपी४ डिस्कवर कॉपी केली की झाली डीव्हीडी, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. कॉम्प्युटरवर ती चालते, पण घरचा साधा प्लेअर म्हणतो नो डिस्क. कारण त्याला डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं, त्यात व्हीओबी फाईलींमध्ये एमपेग-२ व्हिडिओ आणि आयएफओ फाईलींमध्ये कुठलं गाणं कुठे, मेनू कुठे, चॅप्टर कुठे याचा सगळा पत्ता. आपल्याकडे पाल सिस्टीम, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, आवाज ४८ किलोहर्ट्झ. हे सगळं मापात बसवून द्यायचं म्हणजे ऑथरिंग, नुसतं राईट करणं हा शेवटचा भाग.

गिऱ्हाईकाशी सगळ्यात जास्त वाद होतो तो एका डिस्कमध्ये किती बसवायचं यावरून. ४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. तासाभराचं शूटिंग असेल तर चित्राला सेकंदाला ८ मेगाबिट (एमबीपीएस) आरामात देता येतात, दोन तासांना पाचच्या आसपास, आणि तीन तास कोंबले की सव्वातीनवर येतं, मग हळदीत सगळे नाचायला लागले की पिवळा रंग चौकोन चौकोन होऊन फुटतो. आम्ही सरळ सांगतो, दोन डिस्क घ्या, दुसऱ्या डिस्कचे पैसे कमी लावतो पण चित्र बिघडवून देणार नाही. नियमाप्रमाणे व्हिडिओ ९.८ पर्यंत नेता येतो, तरी आम्ही आठच्या वर जात नाही कारण जुने प्लेअर राईट केलेल्या डिस्कवर तिथे अडखळतात.

दुसरी गोष्ट फिल्डची. मिनीडीव्हीचं चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत, फिल्डमध्ये, येते आणि त्यात खालचं फिल्ड आधी येतं, ते डीव्हीडी करताना उलटं लागलं तर कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काही कळत नाही पण डब्यासारख्या जुन्या टीव्हीवर नवरदेवाने मान हलवली की मुंडावळ्या थरथरायला लागतात. म्हणून दुकानात एक पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणि साधा प्लेअर कायम जोडून ठेवलाय, त्यावर बघितल्याशिवाय डिस्क बाहेर जात नाही. डीव्हीडीस्टायलरमध्ये व्हिडिओच्या प्रॉपर्टीजमध्ये पहिलं फिल्ड कुठलं ते सांगता येतं, आणि फाईल आधीच नियमात बसणारी एमपेग-२ असेल तर फॉरमॅटला कॉपी निवडायचं म्हणजे परत एन्कोड, म्हणजे नव्याने रूपांतर, होत नाही, वेळही वाचतो आणि क्वालिटीही.

मेनू माझी बायको करते. मराठी नावं आणि जोडाक्षरं हवी तशी यावीत म्हणून ती अख्खा मेनू जिम्प या फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून बनवते, ते बॅकग्राउंडला लावायचं आणि वर फक्त बटणं. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात, असे चॅप्टर. आजीआजोबांना रिमोटवर एक बाण दाबून मंगलाष्टकांपर्यंत जाता आलं पाहिजे यासाठी ती बटणं मोठी ठेवते, आणि मला ते फार बरोबर वाटतं.

लोडशेडिंगच्या काळात राईट करताना लाईट गेली की डिस्क कचऱ्यात, त्यामुळे आधी आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाईल, बनवायची, ती तपासायची आणि मगच यूपीएसवर राईट करायचं, तेही ८ एक्स वेगाने, व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून तपासणं) चालू ठेवून. ती आयएसओ दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायची सवय तेव्हाच लागली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा ती सवय कामाला आली. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेले अल्बम आणि डिस्क पिशवीत घालून यायला लागले. फोटो चिकटून गेले होते, पण डीव्हीडीचा डेटाचा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, सीडीसारखा लेबलच्या लगेच खाली नसतो, त्यामुळे बऱ्याच डिस्क वाचल्या. साध्या स्वच्छ पाण्याने धुवायच्या, मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ पुसायच्या, गोल गोल नाही. ज्या अडकत होत्या त्या डीडीरेस्क्यू या खराब डिस्कमधला डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर रात्रभर लावून ठेवल्या. आणि ज्यांचं काम पूर्वी आमच्याकडेच झालं होतं त्यांना आयएसओवरून नवीन डिस्क करून दिल्या, एकाकडूनही पैसे घेतले नाहीत. एक काकू मुलीच्या लग्नाची डिस्क घेऊन दुकानातच उभं राहून बघत होत्या, घरी टीव्हीच राहिला नव्हता.

आता लॅपटॉपला ड्राइव्ह येत नाही, काम कमी झालंय हे खरं. तरी गावाकडे आईवडिलांकडे प्लेअर आहे म्हणून पुण्या-मुंबईहून, अगदी दुबईहूनही मुलं मोबाईलचे व्हिडिओ पाठवतात. मोबाईलमध्ये फ्रेमरेट मधेच कमीजास्त होतो, तसंच एन्कोड केलं तर आवाज आणि ओठ जुळत नाहीत, म्हणून आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट कॉन्स्टंट करून घेतो. आणि ३० फ्रेमचं शूटिंग पालच्या २५ मध्ये बसवलं की झटके बसतात, तेव्हा समोर नवा टीव्ही असेल तर सरळ एनटीएससी, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० फ्रेमच्या अमेरिकेकडच्या सिस्टीममध्ये करतो, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाजवतात. जुना टीव्ही असेल तर पालच.

काम द्यायचं असेल तर एकच विनंती, व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला व्हिडिओ देऊ नका, तो आधीच दाबून बारीक झालेला असतो. ज्याने शूटिंग केलंय त्याच्या फोनमधली मूळ फाईल केबलने पेनड्राइव्हवर घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, आणि घरचा प्लेअर कुठला, टीव्ही डब्याचा की सपाट, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या.