आज काहीच झालं नाही

"आई, आज काहीच झालं नाही. कित्ती मस्त दिवस होता ना!"

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना लेक म्हणाली. तिच्या मांडीवर मोज्यांचा ढीग, शेजारी तिचे बाबा उशांचे अभ्रे सुलटे करत बसलेले. कुणाला कुठे जायचं नव्हतं, कुणी येणारही नव्हतं.

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सुट्टी म्हटली की काहीतरी ठरलंच पाहिजे, असं आपणच धरून बसलोय. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालू आहे. पैसा-प्रसिद्धीपेक्षा जवळची नातीच माणसाला जास्त सुखात ठेवतात, असं त्यातून दिसलं. लेकीला हे कुणी सांगितलेलं नाही. तिचं हे समाधान मला जिवापाड जपायचंय.

तुमच्या घरी असा रिकामा दिवस शेवटचा कधी आला होता?